गावात विद्यार्थी न्यायचेत, पण गेल्या वर्षीचे शोषखड्डे तुंबलेत – अनुभवी लोकांनी बोला

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) एका डिग्री कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि तीन वर्षं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) माझ्याकडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागाचे क्रेडिट सगळ्यांनाच आलेत, आमच्याकडे दोन क्रेडिटचे साठ तास धरतात. आधी ज्यांना आवड तीच मुलं एनएसएसला यायची, दोन वर्षांत २४० तास भरायची, सात दिवसांच्या शिबिराला यायची. आता अख्खा वर्ग येणार, आणि यंदा काय करणार असं प्राचार्यांनी विचारलंय. मला उत्तर सुचत नाहीये कारण गेल्या वर्षीचं मनातून जात नाही.

गेल्या डिसेंबरात आमचं शिबिर एका गावात होतं (नाव लिहीत नाही, त्या लोकांना उगाच त्रास नको). नळयोजना होऊन घरोघर पाणी आलेलं पण सांडपाणी सगळं रस्त्यावर, गल्लीत चिखल, डास, पोरं त्यातूनच शाळेत जायची. आम्ही इकडे स्टाफरूममध्ये बसूनच ठरवून टाकलं की शोषखड्डे करायचे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी शोषखड्ड्यांनी गटारमुक्त झालं त्याचे व्हिडिओ मुलांनी पाहिलेले, त्यामुळे मुलं एकदम पेटलेली. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवतीने दगड. सात दिवसांत २२ खड्डे. हाताला फोड आले सगळ्यांच्या, एका मुलीने आयुष्यात पहिल्यांदा पहार धरली आणि सातव्या दिवशी ती दुसऱ्यांना शिकवत होती. समारोपाला पाहुणे, हार, फोटो. मला फार अभिमान वाटला होता आणि मुलांच्या कष्टाबद्दल तो आजही आहे.

ऑगस्टमध्ये एका विद्यार्थिनीचे कागद द्यायला मी एकटीच त्या गावात गेले. पाऊस पडून गेलेला. जाताजाता गल्लीत बघते तर पाणी परत रस्त्यावर. मग एकेक करत सगळे खड्डे बघितले, २२ पैकी १५ तुंबलेले, एक तर मुरूम टाकून बुजवूनच टाकलेला आणि वर तुळशीची कुंडी. कोणी चिडलं नाही हो, उलट दोन घरी चहा झाला. एक आजी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाई, खड्डा दिला तुमी, पन त्याचं पोट कवा साफ करायचं ते सांगितलंच न्हाई कुनी." मला तिथे उभं राहवेना.

आणि त्याच गल्लीत एका घरचा खड्डा अगदी व्यवस्थित चालू होता. तिथल्या वहिनींना विचारलं तर त्यांनी मला मोरीच्या मागे नेलं. पाइपाच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सुतळीने बांधलेला. त्यात भाताची शितं, केस, साबणाचा लगदा सगळं अडकतं. त्या दर शनिवारी तो तुकडा सोडतात, झटकतात, उन्हात वाळवून परत बांधतात. हे त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. त्यांच्या माहेरी मळ्यात ठिबकला जाळीचा फिल्टर आहे, तो दर आठवड्याला धुतात, त्यावरून त्यांना सुचलं.

आमच्या रिपोर्टमध्ये मात्र '२२ शोषखड्डे पूर्ण' असंच गेलेलं आहे. मला याची लाज वाटते आणि यंदा असं होऊ द्यायचं नाहीये. म्हणून विचारते, सुरुवात कुठून करू? गावात 'स्थानिक भागीदार' म्हणून नक्की कोणाला धरायचं, सरपंच, ग्रामसेवक, बचत गट, की एखादी संस्था? आणि मुलांना मार्क कशाचे द्यायचे? खड्डे मोजून तर नक्कीच नाही.

मुरूमखडी

प्रवराताई, मी ग्रामीण पाणीपुरवठ्यात शाखा अभियंता होतो, आता रिटायर. प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं वाचून.

आधी तांत्रिक सांगतो कारण त्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. जलजीवन मिशनमध्ये (घरोघर नळाची सरकारी योजना) माणशी रोज ५५ लिटर धरतात. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर, त्यातलं ढोबळ ७० टक्के मोरीतून बाहेर येतं, म्हणजे १९० लिटरच्या आसपास रोज. तुमचा चार बाय चार बाय चार म्हणजे ६४ घनफूट, लिटरमध्ये साधारण १८००. त्यात दगड टाकले की पाणी मावायला निम्म्याहून कमी जागा उरते. आता तुमचा भाग काळ्या मातीचा असेल तर ती माती पाण्याने फुगते आणि पाणी घेतच नाही, म्हणजे चार-पाच दिवसांत खड्डा भरला आणि त्यानंतर येणारं सगळं वरून वाहणार. तिथे कितीही जाळ्या बांधा, उपयोग नाही. खाली मुरूम लागला असेल तर खड्डा चालतो, आणि तिथे तुंबायचं कारण गाळ आणि साबण. म्हणून खड्ड्याच्या आधी एक लहान चेंबर बांधायचा असतो, दोन फुटाचा पुरे, गाळ त्यात बसतो आणि वरचं पाणी पुढे जातं. तुमच्या डिझाइनमध्ये चेंबरचा उल्लेखच दिसला नाही.

खड्डा घ्यायच्या आधी एक गोष्ट मुलांकडून करून घ्या. त्या जागी हातभर खोल खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, एकदा मुरू द्यायचा, मग संध्याकाळी परत भरून काठी उभी करून खूण करायची आणि सकाळी जाऊन बघायचं पाणी किती उतरलं. उतरलं नसेल तर तिथे शोषखड्डा नको, केळी-कर्दळ-अळूचं आळं करा, नाहीतर ग्रामपंचायतीला धरून बंद गटाराचं बघा. हा एका रात्रीचा प्रयोग आहे, पैसा लागत नाही, आणि घरमालक सोबत असेल तर त्यालाही डोळ्यांनी दिसतं. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर मात्र खड्डा लांबच घ्या.

सायली_ठाणे

वाचतेय. मच्छरदाणीवाल्या वहिनींना नमस्कार सांगा.

मे_महिन्यातला

मी कॉलेजात असताना सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला सलग दोन मे महिने गेलो होतो (चंद्रपूर जिल्ह्यातलं, बाबा आमट्यांनी सुरू केलेली). विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, पहाटे उठून काम, दुपारी चर्चा, रात्री गाणी. आज मी जो काही आहे त्यात त्या सोळा दिवसांचा मोठा वाटा आहे हे मी कुठेही सांगेन. म्हणून सात दिवसांच्या शिबिराने काही होत नाही असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. प्रवराताई, ती पहार धरलेली मुलगी बदलली ना? मग शिबिर वाया गेलं नाही.

फक्त छावणीत एक स्पष्ट होतं की तिथे आम्ही घडायला जातो. गावाचा विकास करायला आलोय असं कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. तिथली शेती, तिथली कामं वर्षभर करणारी माणसं तिथेच राहत होती, आम्ही त्यांच्या कामात आठ दिवस हात लावायचो आणि निघायचो, काम त्यांचंच राहायचं. तुमच्या गावात या दोन गोष्टी एकत्र झाल्या असं मला वाटतं.

तुकाईमाळ

मॅडम, मी शेतकरी आहे, पारनेरकडचा, एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो. आमच्याकडं पण कॉलेजची शिबिरं येतात म्हणून गावाच्या बाजूनं लिहितो, राग मानू नका.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही येता डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा आमच्याकडं कांदा लागवड चालू असती, घरातली सगळी माणसं वावरात. तुम्ही सकाळी नऊला येऊन दुपारी जाता, तोवर गल्लीत फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं. सर्व्हे त्यांच्याकडनंच भरून घेता. जिला रोज मोरीचं बघायचंय ती बाई तुम्हाला भेटतच नाही, ती संध्याकाळी सहाला येती, तवर तुमची गाडी गेलेली असती. तुमच्या त्या वहिनी तुम्हाला ऑगस्टमध्ये भेटल्या, शिबिरात भेटल्या होत्या का? विचार करा.

दुसरं, शिबिराचं जेवण. गाव नाही म्हणत नाही, पाहुणे आले की एकेका गल्लीला वाटून देतात. पन्नास माणसांचं सात दिवस करायचं तर कोणाच्या तरी घरचं पीठ जातं आणि कोणाची तरी मजुरी बुडती. त्याचा हिशोब कुठंच लिहिला जात नाही. भागीदार म्हणता ना, मग त्याचा काय खर्च होतोय ते आधी विचारा.

तिसरं आणि मेन. काम ग्रामसभेत आणा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना ग्रामसभा असती. त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होती, तुमच्या मुली ती खरोखर भरवायला मदत करू शकतील. ठराव झाला, प्रोसिडिंगला (सभेच्या नोंदवहीत) आलं, की ते काम गावचं झालं. 'आमचं गाव आमचा विकास'चा आराखडा होतो त्यात टाकायला लावा. वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाणी आणि स्वच्छतेलाच पैसे आहेत, चेंबरची विटा-सिमेंट त्यातनं निघू शकती. तुम्ही वर्गणी काढून सिमेंट आणलं तर ते खड्डे कॉलेजचेच राहतात बघा. लोकं म्हणतात कॉलेजवाले येतील साफ करायला.

प्रवराकाठ

@तुकाईमाळ दादा, राग कसला, तुम्ही म्हणता ते शब्दशः खरं आहे. सर्व्हेचे फॉर्म आज काढून बघितले. ६४ फॉर्मपैकी ४१ वर उत्तर देणाऱ्याचं वय साठच्या पुढे आहे. वर्षभर ते फॉर्म माझ्या कपाटात होते आणि माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. जेवणाचंही तसंच, बचत गटाच्या ताईंनी रोज भाकरी केल्या होत्या, आम्ही त्यांना समारोपात साडी-श्रीफळ दिलं आणि झालं.

@मुरूमखडी काका, चेंबर नव्हता. खालच्या आळीत काळीच माती आहे, वरच्या आळीत मुरूम. तुंबलेले खड्डे आळीप्रमाणे मांडून बघते, तुमचं म्हणणं बरोबर निघेल असं वाटतंय.

लाफायेटहून

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंडियानात पर्ड्यू विद्यापीठात आहे. इथे एपिक्स म्हणून कार्यक्रम आहे, १९९५ पासून चालू आहे, इंजिनिअरिंगची मुलं इथल्याच गावातल्या शाळा, म्युझियम, घरबांधणी करणाऱ्या संस्था अशांसाठी प्रोजेक्ट करतात आणि त्याचे क्रेडिट मिळतात. मी दोन सेमिस्टर एका टीमबरोबर होते म्हणून तुमच्या प्रश्नाला धरून दोन गोष्टी सांगते.

एक म्हणजे टीम संपत नाही. मुलं बदलतात, टीम त्याच भागीदाराबरोबर वर्षानुवर्षं राहते. एकाच टीममध्ये पहिल्या वर्षाचीही मुलं असतात आणि शेवटच्या वर्षाचीही, त्यामुळे जुनी मुलं नव्यांना सांगतात की त्या शाळेतल्या बाईंना मागच्या वेळी काय आवडलं नव्हतं. सेमिस्टर संपताना टीमने पुढच्यांसाठी लिहून ठेवायचंच असतं आणि ते नीट लिहिलं नसेल तर मार्कांवर परिणाम होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. त्यांच्या कामाचे टप्पे ठरलेले असतात आणि वस्तू भागीदाराच्या हातात दिली की काम संपलं असं ते धरत नाहीत. त्याच्यापुढे देखभालीचा टप्पा असतो आणि सगळ्यात शेवटी ती वस्तू निवृत्त करायचा. आम्हाला मिळालेलं पहिलं काम नवीन काही बनवायचं नव्हतंच, तीन वर्षांपूर्वीच्या टीमने एका बालवाडीला दिलेलं खेळणं दुरुस्त करायचं होतं. सुरुवातीला आम्ही हिरमुसलो होतो. पण ते खोलल्यावर कळलं की मुलं नेमकी कुठे जोर लावतात, कुठला स्क्रू रोज सैल होतो, आणि डिझाइन म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात जेवढं समजलं तेवढं वर्गात कधी समजलं नव्हतं.

तुमचे १५ तुंबलेले खड्डे हाच यंदाचा अभ्यासक्रम करा ना. नवीन एकही नको.

मुरूमखडी

@लाफायेटहून १००% सहमत. तुंबलेला खड्डा खोलून बघण्यासारखं शिक्षण नाही. वास सहन करायची तयारी ठेवा फक्त, आणि हातमोजे, गमबूट घालूनच काम.

रानवाट

मी गडचिरोलीत आरोग्याच्या कामात काही वर्षं होते. भागीदार कोण, यावर लिहिते.

तुमच्याच जिल्ह्यातलं जामखेड घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. सुरुवातीला शिकलेल्या नर्सताई गावात ठेवायचा प्रयत्न झाला, पण बाहेरून आलेल्या एकट्या बाईला गाव आपलं मानेना आणि तीही रमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येकी दलित. त्यांना जामखेडला बोलावून थोडं थोडं शिकवायचं, त्यांनी गावात जाऊन ते करायचं आणि परत येऊन काय जमलं काय नाही ते सांगायचं. बाळंतपण, जुलाब, लसीकरण या बायकांनी गावातच सांभाळायला सुरुवात केली. आज आपण आशाताई म्हणतो त्याच्या कितीतरी आधी. आणि काम टिकलं कारण ती बाई संध्याकाळी त्याच गावात असायची, रात्री दार वाजवलं तरी.

शोधग्रामचं उदाहरण दुसऱ्या कारणासाठी देते. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, शोधग्राम हे त्यांच्या संस्थेचं ठिकाण. दवाखाना कसा हवा हे आदिवासींना विचारलं तेव्हा लोकांनी सांगितलं की मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या माणसाला राहायला जागा नसते. म्हणून दवाखाना झोपड्यांसारखा झाला, पेशंटचे नातेवाईक सोबत राहू शकतील असा, आणि नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. विचारलं नसतं तर चांगल्या मनाने एखादी टोलेजंग इमारत उभी राहिली असती.

तर प्रवराताई, सरपंच-ग्रामसेवकांची परवानगी आणि साथ लागतेच, पण भागीदार म्हणून अशा माणसाला शोधा जो तुम्ही निघून गेल्यावरही ते काम रोज करणार आहे. पाणी सोडणारे जलसुरक्षक असतील, गावातले गवंडी असतील, बचत गटाच्या सीआरपी ताई (गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) असतील, आणि तुमच्या मच्छरदाणीवाल्या वहिनी तर आहेतच. मुलांना यांच्या हाताखाली द्या.

कट्ट्यावरचा_अभि

मी सध्या शिकतोय (पुण्यात) म्हणून मुलांच्या बाजूने. क्रेडिटसाठी सक्ती केली की अर्धा वर्ग सही करायला येतो हे खरंय, आमच्याकडे तेच झालं. आम्हाला सांगितलं वस्तीत जाऊन 'जनजागृती' करा, तिथल्या मावशींनी आम्हाला विचारलं की कचऱ्याची गाडी किती वाजता येणार ते माहितीये का तुम्हाला, कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्यांना ओला-सुका समजावत होतो आणि त्या गाडीची वाट बघत अर्धा रोज बुडवत होत्या. मला त्या दिवशी खूप ओशाळं झालं, म्हणून नंतर आम्ही चौघं स्वतःहून गेलो आणि दोन आठवडे नुसत्या गाडीच्या वेळा लिहून काढल्या. ते कागद मावशींनी वॉर्ड ऑफिसला नेले. आमच्या कोर्समध्ये त्याला मार्क नव्हते, पण मला काही शिकल्यासारखं तेव्हाच वाटलं.

मॅडम, मार्क द्यायचेच असतील तर परत गेलेल्यांना द्या.

मे_महिन्यातला

@कट्ट्यावरचा_अभि फार छान केलंत. सक्तीबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. हौसेने येणारी मुलं बऱ्याचदा आधीच जागी असतात. जो मुलगा एरवी कधीच अशा गल्लीत गेला नसता तो क्रेडिटसाठी का होईना जाणार असेल तर जाऊ दे. पहिल्या दिवशी तो सहीपुरता आलेला असतो हे मान्य, पण तिसऱ्या खेपेला तिथल्या कोणीतरी त्याला नावाने हाक मारली की तो बदलतो, हे मी बघितलंय. म्हणून खेपा जास्त ठेवा. साठ तास सात दिवसांत कोंबण्यापेक्षा वर्षभरात वीस संध्याकाळी करा.

तुकाईमाळ

वीस संध्याकाळी हे बेस्ट. आमच्याकडं सात ते नऊ सगळी भेटतात. मुलींना परत सोडायची सोय मात्र कॉलेजनं करा.

आणि एक राहिलं. गाव म्हणजे एक माणूस नसतो. आमच्या हिवरे बाजारचं सगळे सांगतात, खरंच मोठं काम आहे, पण तिथंही बोअरवेलवर बंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे एका दिवसात झालेलं नाही, लोकांनी बसून, भांडून, पटवून घेतलेलं आहे. तुमच्या गावात वरच्या आळीचं पाणी खालच्या आळीत येत असणार, मुरूम वर आणि काळी खाली म्हणजे तसंच असणार. खालच्या आळीत कोण राहतं तेही बघा. आधी त्यांच्याकडं जा.

प्रवराकाठ

तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ काढलात, मी धागा तीनदा वाचला आणि प्रिंट काढून मुलांनाही दिला. दादा, खालच्या आळीबद्दल तुम्ही न बघता सांगितलंत ते तसंच आहे. काय काय होतंय ते इथेच लिहीत जाईन.

प्रवराकाठ (साडेचार महिन्यांनी)

मंडळी, सांगितल्याप्रमाणे आले.

यंदा नवीन खड्डा एकही घेतला नाही. प्राचार्यांना पटवायला दोन मीटिंग लागल्या, मी आजींचं वाक्य सांगितलं तेव्हा ते गप्प झाले आणि हो म्हणाले. वीस नाही पण चौदा संध्याकाळी झाल्या. पहिल्या चार खेपांना हातात फॉर्म न घेता गेलो, सुरुवात खालच्या आळीतून. मुलींनी बायकांशी बोलून आणलं ते ऐकून मला धक्का बसला. सांडपाणी त्यांच्या यादीत तिसरं होतं. पहिलं होतं नळाची वेळ. पाणी कधी सकाळी सातला, कधी अकराला, खालच्या आळीला कधी येतंय काही ठिकाणा नाही, त्यामुळे बाईला कामावर जाता येत नाही, कोणीतरी घरी थांबावंच लागतं. आम्ही शिकवतो ना, वेळेची किंमत, संधी खर्च, ते एका ताईंनी सरळ सांगितलं, "नळापायी माझा आठवड्याचा एक रोज जातो."

मग मुलं जलसुरक्षक काकांच्या मागे लागली. काकांनी सहा जणांना सोबत घेऊन पूर्ण लाइन चालवली, टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या आळीचा, कुठला अर्धाच फिरतो. मुलांनी नकाशा काढला, काकांनी तो दोनदा खोडायला लावला. वेळा काकांनी स्वतः ठरवल्या आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिल्या, खर्च एका डब्याचा. तीन आठवडे बघितलं, बहुतेक दिवस पाळल्या जातात. लाइट गेली की चुकतात, पण मग काका ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकतात.

खड्ड्यांचं सांगायचं तर मुरूमखडी काका, तुमचा एका रात्रीचा प्रयोग केला, १५ घरी. आठ ठिकाणी सकाळी काठीवरची खूण होती तिथेच पाणी, सगळी खालची आळी. तिथे वहिनींच्या सल्ल्याने केळी आणि कर्दळ लावायचं ठरलं, पाच ठिकाणी चांगली आलीत, तीन ठिकाणी जागाच नाही, त्यांचं गटार २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावात घेतलं. आधीच्या महिला सभेला ३८ बायका आल्या होत्या, प्रोसिडिंगवर सह्या आहेत. राहिलेले सात खड्डे उपसले. त्या कामाला गावातलेच एक गवंडी मामा मास्तर म्हणून होते, त्यांना रोजची मजुरी कॉलेजने दिली, चेंबरचं सामान ग्रामपंचायतीने. मामा विटेला हात लावू देण्याआधी मुलांना नुसतं सूत धरायला लावायचे, तासभर. आणि भाकरीचे पैसे यंदा बचत गटाच्या खात्यावर जमा केले, ताट मोजून.

मार्कांचं असं केलं, तोंडी परीक्षा गावात ओट्यावर घेतली. वहिनी, जलसुरक्षक काका आणि मी. वहिनी मुलांना म्हणायच्या, जाळी बांधून दाखव. एका मुलाने गाठ अशी मारली की शनिवारी सोडताच आली नसती, त्यांनी त्याला परत बांधायला लावली आणि मगच पास केलं. तो मुलगा आता पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी वही लिहितोय, कोणाच्या घरी केव्हा जायचं, कुठला चेंबर कधी उघडला, सगळं.

ज्या आजींनी मला ते विचारलं होतं त्यांच्या मोरीचा चेंबर सगळ्यात आधी झाला. झाकण जड आहे, त्यांना उचलत नाही, म्हणून मामांनी त्याला सळईची कडी बसवून दिली. आता त्या पहारीचं टोक कडीत घालून एकट्या उघडतात, मला उघडून दाखवलं.

पुढची फेरी रविवारी आहे. मामांनी निरोप दिलाय की येताना कॉलेजातून दोन-तीन ओळंबे आणा, त्यांच्याकडे एकच आहे आणि पोरं रांग लावतात. आमच्याकडे तर नाहीयेत. नगरमध्ये चांगले पितळी ओळंबे कुठे मिळतील, कोणाला माहिती आहे का?